पाटीवर दादांचा आवाज

आम्ही वडिलांना दादा म्हणत असू. कल्याणच्या कचेरीत ते कारकून होते आणि तिथे त्यांचा आवाज शेजारच्या माणसालाही कान देऊन ऐकावा लागे. तोच माणूस आट्यापाट्यांच्या मैदानाशी उभा राहिला की खाडीपलीकडच्या गुरांनी माना वर कराव्यात. त्या काळी मुलांचा खेळ बघायला बापानं येणं हे नवलच. इतरांचे बाप खेळून आलेल्या पोरांचे कान पिळत. माझा बाप भर उन्हात, डोक्यावर उपरणं घेऊन मैदानात हजर. मला त्याचा केवढा अभिमान होता, आणि तेच माझ्या मुळावर आलं होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीवर आडव्या रेघा मारायच्या, त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर समोरच्यांचा एक गडी. त्याला पाटी सोडता येत नाही. आपण त्याला हुलकावणी देऊन निसटायचं, सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तसंच परत यायचं. अंगाला हात लागला की बाद. सगळी गंमत हुलकावणीत, आणि माझी हुलकावणी दादा आधीच जाहीर करून टाकत. 'उजवीकडनं जा रे, उजवीकडनं,' अशी आरोळी आली की माझे पाय उजवीकडे वळत, कारण दादांचा शब्द मोडता येतो हे मला ठाऊकच नव्हतं. पाटीवरचा गडीही काही बहिरा नसे. तो माझ्याआधी उजवीकडे जाऊन हात पसरून उभा.

ठाण्याला खेळायला गेलो तेव्हा प्रत्येक डावात मी पहिल्याच पाटीवर बाद झालो. दुसऱ्या डावापासून ठाण्याच्या पोरांनी दादांसाठी अगदी पाटीजवळ घोंगडी अंथरली, गूळपाणी आणून दिलं. दादा भारावून गेले. आगगाडीचं अप्रूप तेव्हा अजून ओसरलं नव्हतं, पण परतताना त्यांच्या तोंडी दुसरा विषय नाही. "ठाण्याची पोरं मोठी सालस हो. वडीलधाऱ्यांचा मान राखतात." आमचे गडी खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या म्होरक्यानं मला बाजूला घेतलं. "पुढच्या महिन्यात ते आपल्याकडे खेळायला येणार. दादा तर येणारच, त्यांना कोण सांगणार? पण तू पुन्हा पहिल्या पाटीवर बाद झालास, तर यापुढे तुला घेता येणार नाही रे."

मला अन्न गोड लागेना. खेळ सुटला तर मी करणार काय? शेवटी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"त्यांना येऊ नका म्हणून सांगू?" ती म्हणाली. "अरे, तेवढाच तर एक आनंद आहे त्यांना." मग एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "ओरडणारे ते. धावणारा तू. पाय तुझेच आहेत ना?"

ठाण्याची मंडळी आली ती खांद्यावर घोंगडी घेऊनच. "तुझे दादा येणारेत ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दादा आले, ऐसपैस बसले आणि खेळ सुरू झाला. शेवटच्या डावात आमचे सगळे बाद होऊन मी एकटा उरलो.

"उजवीकडनं," दादा गरजले. गडी उजवीकडे सरकला. माझा पायही तिकडेच उचलला गेला होता. धास्ती होती, पण ती गड्याची नव्हती, दादांची होती. मी डावीकडे वळलो. डावी बाजू सबंध मोकळी. दुसऱ्या पाटीला आरोळी आली, "डावीकडनं." मी उजवीकडनं पार.

तिसऱ्या पाटीला आवाजच आला नाही. गडी कान टवकारून उभा, मीही तसाच. आता ऐकायलाही काही नव्हतं आणि मोडायलाही काही नव्हतं. मग मी माझ्या मनानं धावलो, आणि खरं सांगतो, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. जाऊन आलो, अंगाला कुणाचं बोट लागलं नाही. आमच्या गड्यांनी मला उचलून घेतलं. वरून पाहिलं तर दादा घोंगडीवरून उठून उभे होते, उपरणं पायाशी पडलेलं.

घरी जाताना ते पुढे, मी मागे.

"मी उजवीकडे म्हटलं होतं."

"हो दादा."

"तू डावीकडे गेलास."

"तिकडे वाट मोकळी होती."

ते चार पावलं चालले आणि थांबले. "म्हणजे ठाण्याला ते गूळपाणी..." एवढं म्हणून त्यांना जे हसू फुटलं, ते कुणाच्याशा भिंतीला हात टेकूनही आवरेना. मग मलाही हसू आलं.

दारातूनच त्यांनी आईला हाक मारली. "अगं, ऐकलंस का? पोरानं आज चारचौघांत माझं ऐकलं नाही."

आई घाबरून बाहेर आली. दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"त्याच्या हातावर साखर ठेव," ते म्हणाले.