किटलीतला दात

माझ्या धाकट्या भावाचा पुढचा दात मी पाडला. रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास, माहेरच्या पडवीत, दुधाच्या किटलीनं. पश्चात्ताप झाला तो नंतर, आणि तोही दातापुरताच.

मी साताऱ्यात शिक्षिका आहे, माहेर सांगलीजवळच्या गावात. वडील जाऊन वर्ष व्हायच्या आत भावानं स्टँप पेपरवर मजकूर टाइप करून आणला होता, की माहेरच्या उसाच्या रानातला माझा वाटा मी राजीखुशीनं सोडते आहे. आमच्याकडे बहिणी सोडतात. साडीचोळी घेतात, डोळे पुसतात, सही करतात, आणि मग माहेरी त्यांचे लाड होतात. मला न विचारता माझी राजीखुशी टाइप झाली, याचा मला वाट्यापेक्षा जास्त राग आला होता.

"आक्के, उद्या रजिस्टरला जायाचंय. आज हितं सही कर," भाऊ म्हणाला.

"न्हाई करणार."

"समद्यांच्या भणी करत्यात."

"मग त्यांच्याकडनं घे जा."

त्यानं माझं मनगट धरलं. भरतीसाठी दोन वर्षं जोर मारून कमावलेला हात तो. मला वाटलं हाड मोडलं. त्यानं शाईचं पॅड ओढलं, माझा अंगठा त्यात दाबला आणि कागदाकडे खेचला. मी एम.ए. बी.एड., आणि माझा सख्खा भाऊ माझा अंगठा उठवत होता. दुसऱ्या हाताला किटली लागली. डेअरीला घालून उरलेलं घरचं दूध होतं तिच्यात, झाकण घट्ट. मी ती उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली.

तो मटकन खाली बसला. ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त बनियनवर उतरत होतं, आणि वरच्या ओळीत मधोमध भोक पडलं होतं. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

मग आई बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आगं, मेडिकल हाय त्येचं."

त्यानं लेखी काढली होती, मैदान मारलं होतं, अठरा दिवसांवर सैन्याचं मेडिकल होतं. तिथे दात तपासतात हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. वयाची मुदत त्याच वर्षी संपत होती. म्हणजे मी त्याची नोकरी घालवली होती. आता तो जन्मभर त्याच रानावर बसणार होता, ज्यातला माझा वाटा मी सोडत नव्हते.

मी फोन लावायला लागले. सांगलीतल्या दातांच्या दवाखान्यांना रविवार म्हणजे रविवार. पहिल्यानं उचललाच नाही. दुसरीकडची बाई "उद्या दहाला या" म्हणाली आणि ठेवून मोकळी झाली. तिसरा कुपवाडचा डॉक्टर जेवत होता. घास चावत त्यानं विचारलं, "तुकडा पडलाय की अख्खा दात?"

"अख्खा."

"मग दुधात टाका. मुळाला हात लावू नका, घासू नका. तासाभरात आणलात तर बसवून बघू. मी दवाखान्याच्या वरच राहतो."

पडवीत दात नव्हता. मी खाट हलवली, पोती उचलली.

"आई, दात कुठाय?"

"टाकला की पत्र्यावर."

लहानपणी आमचे दुधाचे दात पडले की आई ते छपरावर भिरकावायची, नवा दात चांगला यावा म्हणून. आज बावीस वर्षांच्या घोड्याचा दातही तिनं सवयीनं उचलून गोठ्यावर फेकला होता.

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिडी लावली आणि वर चढले. भर दुपारचा पत्रा, तळवे आणि गुडघे भाजत होते. एका खिळ्यानं पोटरी फाडली. खाली भाऊ तोंडात टॉवेल कोंबून उभा, आणि हातानं डावीकडे, डावीकडे म्हणून दाखवत होता. वाळक्या पाल्यात दात सापडला. मूळ टाळून मी तो चिमटीत धरला, खाली उतरले आणि सरळ त्याच किटलीत टाकला. दुसरं भांडं शोधायला वेळ नव्हता.

स्कूटर मी चालवली. तो मागे, मांडीवर किटली घेऊन. प्रत्येक गतिरोधकाला तो कण्हायचा आणि मी ओरडायचे, "दूध सांडू नगंस." एका रिक्षावाल्यानं माझी आयमाय काढली, मी त्याची काढली.

कुपवाडला शटर अर्धं वर होतं. डॉक्टर हाफ पँटवरच खाली आला. त्यानं भावाचं तोंड बघितलं, माझं सुजलेलं मनगट बघितलं, जांभळा अंगठा बघितला.

"मशीनचा दांडा लागलेले कामगार येतात माझ्याकडे. हे कशानं झालं?"

"पडला," मी म्हणाले.

भावानं टॉवेल काढला. "हिनं हाणलं."

नातेवाइकाच्या सहीसाठी डॉक्टरनं एक फॉर्म सरकवला. त्या दिवशी मी एवढी एकच सही केली.

इंजेक्शन दिलं, तरी दात आत दाबताना भावानं लाथ झाडली. ट्रे खाली पडला. "धरा त्याला," डॉक्टर म्हणाला. मी दोन्ही खांदे खुर्चीत दाबून धरले. भावानं माझं तेच दुखरं मनगट पकडलं आणि जीव खाऊन पिळलं. मीही हात काढला नाही, आणखी जोर लावला. दात बसताना झालेला बारीक आवाज मला अजून ऐकू येतो. मग डॉक्टरनं तो शेजारच्या दातांना तारेनं बांधला.

बाहेर आल्यावर भावाला बोलता येत नव्हतं. त्यानं मोबाइलवर लिहून माझ्यापुढे धरलं: आता तरी सही कर.

"शेजारचा बी पाडू का?" मी विचारलं.

तो हसायला गेला आणि ओठ पुन्हा फुटला.

तार मेडिकलच्या चार दिवस आधी निघाली. तिथल्या डॉक्टरनं दात बोटानं हलवून बघितला, काय झालं होतं म्हणून विचारलं. हा म्हणाला, "बहन ने मारा, सर." त्याला घेतलं.

गेल्या दिवाळीत तो सुट्टीवर आला. दात करडा पडलाय. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, लाडू भरवला, तोही मुद्दाम त्याच दाताच्या बाजूनं. त्यानं ताटात घडी घातलेला स्टँप पेपर टाकला. कडेला माझ्या अर्ध्या अंगठ्याचा जांभळा डाग होता आणि त्यावर त्याच्या रक्ताचे तपकिरी शिंतोडे.

"ही ओवाळणी," तो म्हणाला. "फाड."

"राग गेला तुझा?"

"न्हाई. तुझा?"

"न्हाई."

मी कागदाचे चार तुकडे केले. आईनं ते उचलले, आणि या वेळी पत्र्यावर न फेकता बंबात घातले.