पाच मिली औषध आणि शालनबाई

रावेतला शालनबाईंच्या सासरची शेती होती. आता तिथं बारा मजली इमारती आहेत आणि त्यांतली सहा पोरं रोज सकाळी बाईंच्या तळमजल्यावरच्या पाळणाघरात येतात. पोरांना भरवण्यात, झोपवण्यात बाईंचा हात कुणी धरू शकत नाही. औषधाची त्यांची रीत मात्र जुनीच. पोर मांडीवर आडवं घ्यायचं, नाक दाबायचं, तोंड उघडलं की चमचा रिकामा.

"आमी चार लेकरं अशीच वाढवली," त्या अभिमानानं सांगायच्या.

गेल्या वर्षी अडीच वर्षांच्या सार्थकचा कान सुजला. त्याची आई प्राजक्ता लातूरकडची, चाकणच्या एका कंपनीत कामाला. सकाळी बसच्या गडबडीत तिनं गुलाबी औषधाची बाटली बाईंच्या हातात दिली.

"मावशी, जेवणानंतर पाच मिली. लई थुंकतो बरं का. काल आमचा पडदा रंगवला त्यानं."

"तू बिनघोर जा."

दुपारी बाईंनी नाक दाबलं. सार्थकनं जोरात श्वास ओढला आणि औषध भलतीकडंच गेलं. क्षणभर पोराला आवाजच फुटेना. बाईंनी झटकन त्याला हातावर पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्या. त्यानं भोकाड पसरलं, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. सतरंजी, लुगडं, भिंत, सगळं गुलाबी झालं होतं.

पाच मिनिटांत सार्थक खेळायलाही लागला. बाईंचे यजमान भैरू म्हणाले, "झालं की बरं. कशाला सांगतीस तिला? उगा घाबरंल."

"न्हाई. लेकरू तिचं हाय. तिला कळाय पायजे."

प्राजक्ताचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये, त्यामुळं तो नुसताच वाजत राहिला. बाईंनी बाकीची पोरं सुनेवर सोपवली, भैरूंना स्कूटर काढायला लावली आणि सार्थकला घेऊन थेट डॉक्टर निशिगंधांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी छाती तपासली. सगळं ठीक होतं.

"काकू, नाक दाबलं की पोर तोंडानं श्वास ओढतं, आणि औषध श्वासनळीत जाऊ शकतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी बिनसुईची सिरिंज काढली. "पोराला ताठ बसवा. टोक गालाच्या आत, बाजूला ठेवा, घशाकडं नको. थोडं सोडा, त्याला गिळू द्या, मग पुढचं."

चहाच्या सुट्टीत प्राजक्ताचा फोन आला. बाईंनी काही न लपवता सांगितलं. "पोरी, माजी चूक झाली."

पलीकडून तिनं आधी सार्थकचा आवाज ऐकून घेतला. मग प्राजक्ता म्हणाली, "मावशी, मी बी नाकच दाबत होते. मला बी शिकवा."

संध्याकाळी बाईंनी सिरिंजमध्ये पाणी भरलं आणि भैरूंना खुर्चीत बसवलं.

"आ करा."

"मी काय दोन वर्साचा हाय व्हय?"

पहिली पिचकारी सरळ सदऱ्यावर. दुसरी मिशीत. तिसऱ्या वेळी भैरूंनी गुमान पाणी गिळलं आणि म्हणाले, "आता जमलं. पर हळू दाबत जा, बाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सार्थकसमोर आधी भैरूंना पाणी पाजलं. साठीच्या आजोबांनी 'आ' केलेला बघून पोर खिदळलं आणि आपणही तोंड उघडून बसलं. बाईंनी घाई न करता, घोटाघोटानं पाच मिली गालात सोडलं. लुगड्यावर थेंबही नाही.

रोज काही इतकं सोपं गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळं फुर्र करून उडवलं. पूर्वीच्या बाईंनी अंदाजानं आणखी चमचाभर ओतलं असतं. या वेळी त्यांनी आधी डॉक्टरांना फोन लावला, किती गेलं, किती सांडलं ते सांगितलं आणि त्या म्हणाल्या तेवढंच दिलं.

रविवारी प्राजक्ता नवऱ्याला घेऊन शिकायला आली. नवरा भराभर सिरिंज दाबायला लागला. बाईंनी त्याचं मनगट धरलं. "घाई नगं. तो गिळतोय न्हवं, मग तू बी थांब."

सार्थकनं शेवटचा घोट गिळला आणि सिरिंज बापाच्या हातातून ओढून घेतली. आता आईनं 'आ' करावं असा त्याचा हट्ट होता. प्राजक्ता खाली मांडी घालून बसली आणि तिनं निमूटपणे तोंड उघडलं.