दोन गाण्यांमधलं मिनिट

ठकूबाईला पावसाची भीती नव्हती, पावसाच्या आवाजाची होती. २००५च्या जुलैत तिच्या माहेरावर डोंगर खचून आला. भाऊ, भावजय, त्यांची सून, सगळी एकाच घरात गाडली गेली. तेव्हापासून कौलांवर सर वाजायला लागली की ती माजघरात भिंतीला पाठ लावून बसायची आणि कानांवर हात दाबून झुलत राहायची. जेवण नाही, बोलणं नाही. पोलादपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी नुसती झोप यायची, आणि जाग आली की भीती होती तिथेच.

सोनाली ठकूबाईची सून. नवरा दीपेश मुंबईत छापखान्यात, त्यामुळे पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराखालच्या वाडीतल्या घरात या दोघीच राहायच्या. सोनाली रोज सकाळच्या एसटीनं बिरवाडीला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंगच्या कामाला जायची. जाताना शेजारच्या शकूवहिनीला सांगायची, "जरा बघा हां आमच्या आईकडे." पण दिवसभर ऑफिसच्या खिडकीतून तिचं लक्ष आभाळाकडे. काळं झालं की तिच्या मनात यायचं: आता आई झुलायला लागली असेल.

२००७चा पावसाळा लागला. एका रविवारी शकूवहिनीनं टेपवर बाल्या नाचाची गाणी मोठ्यानं लावली आणि सोनालीनं पाहिलं, ठकूबाईचे हात कानांवरून खाली आले होते. पाऊस पडत होता, पण तिला तो ऐकू येत नव्हता. अर्ध्या तासानं कॅसेट संपली. हात परत वर गेले.

दिवसभर न थांबता वाजेल असं काही हवं होतं. ऑफिसात नवी मशीनं आली तेव्हा अडगळीत टाकलेला एक जुना कॉम्प्युटर साहेबांना विचारून तिनं घरी आणला. बरोबर जुना यूपीएसही मिळाला, लाइट गेली तर जेमतेम पाच मिनिटं मशीन चालू ठेवणारा. पण कॉम्प्युटर व्हायरसनं भरलेला. गाणं लावलं की तो मध्येच अडकायचा आणि एकच सूर किंचाळल्यासारखा धरून ठेवायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ठकूबाई ओरडत अंगणात पळाली.

महाडला मदिहा मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. सोनाली तिथेच शिकलेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पाच सालच्या पुरात त्यांच्या क्लासातली मशीनंही चिखलात गेली होती, भीती काय असते ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"विंडोज काढून टाक," त्या म्हणाल्या. "ही लिनक्सची सीडी घे. फुकट आहे, कुणाची परवानगी लागत नाही. आतलं काय हवं ते बदलता येतं. गाण्यांचा प्लेअर याच सीडीत आहे, एक्सएमएमएस नावाचा. जुन्या मशीनवर हलका चालेल."

"मॅडम, मधेच लाइट गेली तर?"

"तर परत पहिल्यापासून. घाबरू नकोस."

पण सोनाली घाबरली. पुढच्या रविवारी ती सीडी घालून बसली तेव्हा बाहेर पाऊस, आत सासूचं कण्हणं, आणि पडद्यावर एक प्रश्न: संपूर्ण डिस्क पुसायची का? तिनं एंटर दाबून होय म्हटलं. निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. बल्ब दोनदा मंदावला, दोन्ही वेळा तिची नजर यूपीएसकडे गेली. पट्टी पूर्ण झाली, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. गाण्यांच्या सीडीवरून एक गाणं लावलं, आकडे पळू लागले, पण आवाजच नाही.

आपण मोडलं. तिला रडू फुटलं. मग वहीत उतरून घेतलेलं मॅडमचं एक वाक्य सापडलं: आवाज आला नाही तर आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत अल्सामिक्सर असं लिही. तिनं एकेक इंग्रजी अक्षर तपासत लिहिलं. आवाजाच्या उभ्या पट्ट्या दिसल्या, पण मुळातच मुक्या करून ठेवलेल्या. एम दाबलं, पट्ट्या वर चढवल्या, आणि घरभर ढोलकी घुमली. ठकूबाईनं डोळे उघडले.

नंतरच्या दिवसांत सोनालीनं तो प्लेअर सासूसाठी घडवला. खिडकी दुप्पट मोठी केली. मशीन चालू होताच गाणी आपोआप लागतील असं केलं, आणि यादी संपली की परत पहिल्यापासून. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून एक्सच्या बटणावर हिरवी टिकली चिकटवली आणि सीच्या बटणावर लाल.

"हिरवी दाबली की लागतंय, लाल दाबली की थांबतंय. करून बघा."

ठकूबाईनं दाबून बघितलं. मग बीच्या बटणावर बोट ठेवलं. "आन् ह्याच्यावर काय नाय?"

"त्यानं पुढचं गाणं लागतं. ते राहू दे."

सासू जेवू लागली. शकूवहिनी म्हणाली, "तुझी सासू माणसात आली गो." सोनाली अकरा दिवस हलक्या मनानं ऑफिसात गेली.

बाराव्या दिवशी ऑफिसात चहा पिताना एक ट्रकवाला सांगत होता, कशेडी घाटात दरड आली, पण आधी खडे वाजले म्हणून गाडी मागे घेता आली. सोनालीच्या हातातला कप तसाच राहिला. आपलं घर डोंगराखाली आहे. घरात दिवसभर गाणी मोठ्यानं वाजतायत. डोंगर काही बोलला तर ऐकणार कोण?

त्या संध्याकाळी तिनं एक मिनिटाची कोरी फाइल तयार केली, तिच्यात आवाज कसलाच नाही, आणि यादीत दर दोन गाण्यांनंतर ती घातली.

ठकूबाई चवताळली. "मधीच गप का व्हतंय? बिघाडलं काय?"

"मुद्दाम केलंय, आई. तेवढं मिनिटभर बाहेर कान द्यायचा."

"माझ्यानं नाय व्हायचं! तोच आवाज नको म्हणून तर हे आणलंस ना?"

तरी सोनालीनं ते मिनिट काढलं नाही. दोनच दिवसांत ठकूबाईला बीचं बटण आठवलं. शांतता आली की दाबायची, पुढचं गाणं सुरू. हे कळल्यावर सोनालीनं स्क्रू-ड्रायव्हरनं ते बटणच उपटून काढलं. सासूनं तिच्याकडे असं पाहिलं की तिची मान खाली गेली. आपण हिला छळतोय का? पण बटण तिनं परत बसवलं नाही.

ऑगस्टमधला रविवार होता, दुपारची वेळ. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. सोनाली तांदूळ निवडत होती. दोन गाणी संपली, शांतता आली. ठकूबाईचे हात कानांकडे निघाले आणि वाटेतच थांबले.

"सोनाली, पऱ्या वाजत नाय."

घरामागून वाहणारा तो ओढा पावसाळाभर घोंघावत असायचा. सोनालीनं ऐकलं. कौलांवर पाऊस होता, त्यामागे काहीच नव्हतं.

"इतक्या पावसात पऱ्या सुकंल काय?" ठकूबाई उठून उभी राहिली. "पानी वर अडालंय. माझ्या भावाकडं तसंच झालेलं, जगल्यावाचल्यानी सांगितलंन. चल. ऊठ गो!"

सोनालीच्या हातात अजून तांदूळ होते. उठवलं तिला सासूनंच, दंडाला धरून. दोघी पावसात बाहेर पडल्या. शकूवहिनीला मुलांसकट बाहेर काढलं. पलीकडचा मोरू ऐकेना, "म्हातारीला भास व्हतात." ठकूबाई त्याच्या दारात उभी राहून अशी ओरडली की तो गुरांचे कासरे सोडून निघाला. एक म्हैस हटून बसली, ती राहिली. वाडीतली बावीस माणसं बाजूच्या माळावरच्या शाळेत पोचली तेव्हा सोनालीला वाटत होतं, काहीच झालं नाही तर उद्या लोक काय म्हणतील? आणि झालं तर?

पाऊण तासानं जमीन हलल्यासारखा आवाज झाला. झाडं उभीच्या उभी खाली सरकताना दिसली. मोरूचा गोठा गेला, म्हशीसकट. ठकूबाईच्या घराचा मागचा अर्धा भाग गेला, त्यात माजघर, कॉम्प्युटर, सगळं. माणूस एकही गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दीपेश आला. त्यानं आईला मुंबईला चल म्हटलं, तिनं साफ नकार दिला. शेवटी बिरवाडीत एक खोली भाड्यानं घेतली आणि वर्षभरात दीपेशही तिथल्या एका कारखान्यात लागला. सपाटीवरची खोली, आजूबाजूला कामगारांची वर्दळ. ठकूबाई हळूहळू बरी झाली, पावसात शेजारणींबरोबर बसून पापडही लाटू लागली.

सोनाली मात्र बरी झाली नाही. लोक तिला शाबासकी द्यायचे, मदिहा मॅडमनी क्लासातल्या मुलींसमोर तिचं कौतुक केलं. ती हसायची. एकदा दीपेशनं विचारलं, "अजून कसली भीती वाटते तुला?" तेव्हा तिनं सांगितलं. पहिले अकरा दिवस गाणी सलग वाजत होती. आईला त्या घरात एकटी बसवून, दार लोटून, ती खुशाल एसटीत बसत होती. त्या अकरांतल्या एखाद्या दिवशी पऱ्या गप्प झाला असता तर?

 दीपेशनं तिचा हात हातात घेतला. हात गार पडला होता.