उन्हात ठेवलेला पुरावा

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि त्यातला माझा भाग लपवण्याची इच्छाही नाही. नोकरीतल्या आठवणी सांगताना माणूस सहसा स्वतः तडीस नेलेली प्रकरणं निवडतो. हे प्रकरण मी बिघडवलं होतं. तरी सांगायचं झालं तर हेच सांगेन.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, बनारसमधली. घाटांच्या बाजूच्या एका ठाण्यात मी हेड मोहर्रिर होतो. म्हणजे ठाण्याचा लेखनिक हवालदार. ठाण्याच्या रोजच्या नोंदींचा रोजनामचा लिहायचा, तक्रारी नोंदवायच्या आणि जप्त झालेला माल मालखान्यात सांभाळायचा. तिकडे या माणसाला सगळे 'दीवानजी' म्हणतात. माझे वडील ब्रह्मा घाटावरच्या घरांमध्ये स्वयंपाकाला जात. आमच्यात इंटरच्या, म्हणजे बारावीच्या, पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी नोकरी सांभाळून बाहेरून बी.ए.चे पेपर देत होतो. साहेबांसमोर बोलताना अडखळायचो. लिहिताना कमी अडखळायचो.

खबर एका व्यापाऱ्याकडून आली. टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम तो ठोक भावात विकत असे. त्याचं म्हणणं, आपल्या गोदामातून गेमच्या आयसी, म्हणजे आतल्या चिपा, चोरीला गेल्या आहेत आणि त्या बालाजी घाटाजवळच्या एका मेकॅनिककडे आहेत. आमच्या खबऱ्यानेही सांगितलं की त्या मेकॅनिकच्या खोलीत आयसींनी भरलेला बिस्किटांचा डबा आहे. डबा खरंच होता. खबर खरी निघाली म्हणजे आरोपही खरा असतो असं नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नाही.

मेकॅनिक तिशीचा, अविवाहित, आई आणि तो असे दोघंच. माझ्यासारखाच मराठी. माझ्या ओळखीचा नव्हता, पण गणपतीच्या आरतीला पाहिलेला होता. विद्यापीठाच्या एका वर्कशॉपमध्ये त्याची निवड झाली होती आणि नेमणुकीआधीची पोलीस पडताळणी आमच्याच ठाण्यात येऊन पडली होती. चोरीचा गुन्हा नावावर राहिला असता तर ती नोकरी गेलीच म्हणून समजा.

सकाळी छापा घातला. तपास करणारे दरोगा, म्हणजे फौजदार, पुढे, मी फर्द, म्हणजे जप्तीची यादी, लिहायला मागे. खोलीत जुने, बंद पडलेले गेम उघडे पडले होते. एक हाताने बनवलेला सर्किट बोर्ड होता. डब्यातल्या प्रत्येक आयसीच्या पाठीवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद आणि त्यावर चिकटपट्टी. शिवाय चौकटीच्या कागदाची एक वही होती. पानोपानी पेन्सिलने चौकोन भरलेले. बनारसमध्ये असा कागद दिसला की साडीच्या विणकामाचा नक्शाच आठवतो. दरोगा हसून म्हणाले, "बिनकारी भी करता है क्या?" मीही विचार न करता लिहिलं, 'साडीच्या नक्श्यांची वही, एक.'

सगळं पोत्यात भरत असताना मेकॅनिक माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात मराठीत म्हणाला, "दादा, आयसीवरचे कागद तेवढे काढू नका. काहीही झालं तरी काढू नका."

दरोगांनी विचारलं, "क्या फुसफुसा रहा है मराठी में?"

मी म्हणालो, काही नाही साहेब. हे उत्तर मी का दिलं ते आजही मला स्पष्ट माहीत आहे. तो माझ्या भाषेत बोलला म्हणून मी घाबरलो. आपल्या माणसाला सांभाळतो असं कोणी म्हणू नये, म्हणून त्याचं म्हणणं मी फर्दमध्ये लिहिलं नाही.

चौकशी दरोगांनी केली. मी जबाब लिहीत होतो. मेकॅनिकचं सांगणं असं होतं. हे स्वस्त गेम वर्ष-दोन वर्षांत मरतात. आतला खेळ एका डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली बंद असतो, त्यामुळे बाजारात कोणी दुरुस्त करत नाही, नवा घ्या म्हणतात. तो त्या थेंबापर्यंत जाणाऱ्या रेषांना केसासारख्या तारा जोडून आतला खेळ, एका वेळी एकच मावेल अशा, जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि कोऱ्या आयसीवर लिहायचा. आयसी कॅसेटमध्ये बसवली की मेलेला खेळ पुन्हा चालू.

दरोगांना यातलं काही पटलं नाही. त्यांनी विचारलं, माल तुझा कशावरून?

मेकॅनिक म्हणाला, "चालवून बघा. विमानाचा जो खेळ आहे, त्यातले काही ढग मूळ सेटमधून खराब निघाले. ते मला पुन्हा काढावे लागले. मला ढग काही जमेनात, तेव्हा मी तिथे घाटावरच्या छत्र्या काढल्या. तीन. जगात कुठल्या कंपनीच्या खेळात त्या सापडणार नाहीत."

दरोगा म्हणाले, "यहाँ खेल खेलने नहीं बैठे हैं." कोणी काही चालवून पाहिलं नाही. मेकॅनिकचं चालान झालं, म्हणजे त्याला अटक करून कोर्टात पाठवलं. काही दिवसांनी जामिनावर सुटला.

आता माझी करणी. जूनमध्ये मालखान्याची वार्षिक तपासणी असे. त्याआधी सगळा माल गच्चीवर काढून उन्हं द्यायची आमची जुनी रीत होती. दगडी खोली, ओल, वाळवी. गठ्ठे, कपडे, लाकडी सामान, सगळं दहा-बारा दिवस रोज गच्चीवर पसरायचं. आई पापड वाळत घालायची तसं. सोबत प्रत्येक वस्तूवर मुकदमा नंबराची नवी चिठ्ठी चिकटवायची. त्या आयसींवर जागा नव्हती. चंदेरी कागद आड येत होते.

मला त्याचे शब्द आठवले. आठवले म्हणूनच मी कागद काढले, हे कबूल करतो. आरोपी एखाद्या गोष्टीला हात लावू नका म्हणाला की पोलिसाचा हात आधी तिथेच जातो. मला वाटलं, खाली गोदामाचा शिक्का असेल आणि तो झाकला असेल. खाली शिक्का नव्हता. काचेची छोटीशी खिडकी होती. मी निराश झालो, काचेवर गोंद धरेना म्हणून कडेला चिठ्ठ्या लावल्या आणि आयसी थाळीत ठेवून उन्हात दिल्या. बनारसचं जूनचं ऊन, बारा दिवस.

पुढच्या महिन्यात बचाव पक्षाच्या वकिलांनी आयसी चालवून दाखवण्याची मागणी केली. त्याआधी दरोगांनी ठाण्यातच चाचणी घेतली. व्यापारी आला, मेकॅनिकलाही बोलावलं. ठाण्याच्या टीव्हीला सेट जोडला. पहिली आयसी लावली, पडदा राखाडी. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. व्यापारी मांडीवर थाप मारून म्हणाला, "छतरी दिखा रहा था न? दिखाओ बेटा, धूप बहुत है."

मेकॅनिकने एक आयसी उचलून पालथी केली. उघडी काच पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कागद कोणी काढले?"

दरोगांनी त्याला गप्प बसवलं आणि मला सांगितलं, लिही, आयसी कोऱ्या आढळल्या, आरोपीचं कथन खोटं. ते वाक्य मी लगेच लिहिलं नाही. पेनात शाई नाही असं सांगून उठलो. एवढीच हिंमत त्या दिवशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. मी त्याला सगळं सांगितलं, गच्चीपासून. मग त्याने समजावलं की त्या काचेतून ऊन आत गेलं की लिहिलेलं सगळं पुसलं जातं. कागद त्यासाठीच होते.

"दीड वर्षाचं काम होतं, दादा. तुम्ही वाळत घातलंत."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफीचं मी काय करू? कोर्टात मी खोटारडा ठरणार आहे. ते लिहून द्याल का, की कागद तुम्ही काढले?"

मी लगेच हो म्हणालो नाही. घरी दोन लहान मुली होत्या. लिहून दिलं तर चौकशी माझीच लागणार होती. मी त्याला सांगितलं, बघतो. चालत ठाण्यात परत येईपर्यंत मला स्वतःच्या त्या 'बघतो'चा राग आला होता. हा माणूस काळ्या थेंबाखालून मेलेला खेळ बाहेर काढतो आणि मला माझ्याच हातून झालेली गोष्ट माझ्याच वहीत लिहिता येत नाही?

मी रोजनामचा उघडला आणि लिहिलं. जप्तीच्या वेळी आरोपीने आयसीवरचे कागद काढू नयेत असं मला सांगितलं होतं. ते मी फर्दमध्ये लिहिलं नाही. तपासणीपूर्वी मी स्वतः ते कागद काढले आणि आयसी बारा दिवस उन्हात ठेवल्या. त्या कोऱ्या होण्यास मी कारण असू शकतो. खाली सही केली.

दरोगांनी वाचलं तेव्हा ते आधी ओरडले नाहीत. दार लावून घेतलं.

"दीवानजी, मराठी-मराठी हो गया न?"

मी म्हणालो, "साहब, मराठी होता म्हणूनच मी त्याचं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती."

ते म्हणाले, पान बदल. रोजनामच्याची पानं क्रमांकाची असतात, ती बदलत नाहीत, हे त्यांनीच मला नोकरीच्या सुरुवातीला शिकवलं होतं. मी तेवढंच म्हणालो. मग ते ओरडले. माझी नोकरी, माझी बी.ए., माझा बाप, सगळं निघालं. मी उभा राहिलो. अडखळलो नाही, कारण बोलायचं काही उरलंच नव्हतं. लिहून झालं होतं.

रोजनामच्याची प्रत रोज वर जाते. तिसऱ्या दिवशी सी.ओ. साहेबांनी, म्हणजे आमच्या डीएसपींनी, मला बोलावलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, त्या छत्र्यांचं काही उरलं आहे का? तेव्हा माझ्या डोक्यात वही आली. मी सांगितलं, साहेब, चौकटीच्या कागदाची एक वही सीलबंद आहे. मी तिला साडीचे नक्शे म्हणून लिहिलं आहे, पण ते साडीचे नसावेत.

साहेबांनी घाई केली नाही. बाजारातल्या खेळात छत्र्या आहेत की नाहीत ते आधी पाहू म्हणाले. व्यापाऱ्याला त्याच्या दुकानातली विमानाच्या खेळाची नवी कॅसेट आणि खरेदीचं बिल घेऊन यायला सांगितलं. तो आला. माल कुठला, असं विचारल्यावर म्हणाला, दिल्लीचा, सीलबंद, गेल्याच महिन्यात उतरला. बिलावरही तसंच होतं. साहेबांनी कॅसेट लावायला सांगितली. विमान उडालं, ढग आले, आणि ढगांमागून तीन छत्र्या आल्या. बांबूच्या, गोल, पंचगंगा घाटापासून संकठा घाटापर्यंत कुठेही दिसतात तशा. तिसरी एका बाजूला कललेली.

साहेब म्हणाले, "दिल्ली में घाट कब से बन गया, सेठ?"

व्यापारी म्हणाला, ह्या मेकॅनिकने माझ्याच मालावरून नक्कल केली असेल. साहेबांनी वहीचं सील तोडलं. मधल्या एका पानावर आधी ढग काढायचा प्रयत्न, तो खोडलेला. खाली एक छत्री, ती पुसलेली. मग तीन, तिसरी कललेली, चौकोनाला चौकोन पडद्यावरच्यासारखी. फर्दवरची तारीख माझ्या हातची. दिल्लीचा माल उतरण्याच्या दोन महिने आधीपासून ती वही माझ्या मालखान्यात होती.

मग व्यापाऱ्याने खरं सांगितलं. मेकॅनिक जुने सेट जिवंत करतो म्हणून नवे सेट खपत नव्हते. व्यापाऱ्याने नमुना पाहायचा म्हणून त्याच्याकडून एक कॅसेट नेली होती, ती परत केली नाही, तिच्यावरून माल बनवून घेतला. आणि मेकॅनिक बोलू नये म्हणून चोरीची तक्रार दिली.

मुकदम्यात अंतिम अहवाल लागला, म्हणजे तक्रार खोटी ठरून प्रकरण बंद झालं. मेकॅनिकची पडताळणी मीच लिहिली, 'प्रतिकूल काही नाही'. त्याची नेमणूक झाली. जप्त सेट त्याला परत दिले, तेव्हा त्याने ते माझ्यासमोर एकेक करून तपासले. त्यातून बहुतेक खेळ त्याने नोकरी सांभाळून पुन्हा उतरवले. दोन सेट मात्र मालखान्यातल्या ओलीने संपूर्ण गेले होते. ते खेळ परत आले नाहीत. त्याबद्दल तो मला कधी बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही.

या प्रकरणाने मला कामाची एकच गोष्ट शिकवली. आरोपी जे सांगतो ते पटो न पटो, आधी लिहून घ्यावं. लिहिलेलं असलं की पुढे कोणी तरी समजून घेईल. आपण समजण्याची वाट पाहत बसलो तर माणूस आत जातो. पुढे मी दरोगा झालो, उशिरा झालो. हाताखालच्यांना हे सांगायचो. काही ऐकायचे, काही हसायचे.

पुराव्याची हानी केल्याबद्दल मला परिनिंदा, म्हणजे सेवापुस्तकात लेखी ठपका, मिळाली आणि दूरच्या ठाण्यात बदली झाली. परिनिंदा योग्यच होती. पण ती मिळाली ती कागद काढल्यामुळे नव्हे, लिहिल्यामुळे, हे मला आणि देणाऱ्यालाही ठाऊक होतं. न लिहिता गप्प बसलो असतो तर सेवापुस्तक कोरं राहिलं असतं. ती नोंद काढून टाकण्यासाठी अर्ज कर, असं निवृत्तीच्या आधी अनेकांनी सुचवलं. एकाने तर अर्ज टाईप करून आणला.

मी सही केली नाही.