राजूरची वाट, हायब्रिड गाडी आणि मागच्या सीटचं प्लास्टिक

नवी गाडी घेतली की पहिला फेरा राजूरच्या गणपतीला, हे आमच्या घरात न विचारता ठरलेलं असतं. यंदा गाडी हायब्रिड होती आणि आमचे हे दोन महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून तिचे प्राध्यापक झाले होते. जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान आहे. तिथं लुगडं बघायला आलेल्या बाईलासुद्धा हे बॅटरी समजावून सांगत. बाई बिचारी लुगडं न घेताच जायची.

माझी अट एकच होती, येताना गाडी मी चालवणार. अकरा वर्षं मी भोकरदन रस्त्यावरच्या शाळेत शिकवायला गाडीनंच जाते, त्या रस्त्याचा खड्डा न खड्डा मला ओळखतो. पण आमची जुनी गाडी नव्या गाडीच्या बदल्यात शोरूमला गेली होती. आज स्टिअरिंग हातात आलं नाही तर पुढं एसटीशी गाठ, हे मला लख्ख दिसत होतं. हे "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ नाही असाच होतो, तरी मी गाडी चालवायचा चष्मा पुसून पर्समध्ये ठेवला.

रविवारी सकाळी आठला निघालो, हे दोघं मायलेक आणि मी. जालन्याहून त्याच भोकरदन रस्त्यानं राजूर तासाच्या आत येतं. तुम्हाला जायचं असेल तर चतुर्थी टाळा, त्या दिवशी देवाआधी पार्किंगसाठी नवस बोलावा लागतो. सीटांवर शोरूमचं प्लास्टिक तसंच होतं. "देवानं बघायच्या आधी शिटा उष्ट्या करायच्या न्हाईत," हा सासूबाईंचा नियम. ह्यांनी त्यावर कडी केली. प्लास्टिक सरकू नये म्हणून मागच्या सीटला ते दोन्ही बाजूंनी खाली खोचून दुकानातली पार्सलची चिकटपट्टी मारून टाकली.

गल्लीतून गाडी आवाज न करता निघाली, ते मात्र मला आवडलं. हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन असतं आणि विजेची मोटरही असते. हळू चालताना मोटर ओढते. वेग वाढला किंवा बॅटरी उतरली की इंजिन कामाला लागतं. कुणी कधी राबायचं ते गाडी स्वतःच ठरवते, आमच्या घरात अजून ती सोय नाही. बॅटरीला भिंतीतली वीज लागत नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला किंवा ब्रेक दाबला की फिरत्या चाकांवर तीच मोटर वीज तयार करते, सायकलच्या डायनॅमोसारखी. उरलेली भर इंजिन घालतं. एवढं साधं आहे.

ह्यांनी यातलं ब्रेकचं तेवढं लक्षात ठेवलं होतं. "ब्रेक मारला की फुकटात वीज," म्हणत दर दोनशे मीटरवर कचकन ब्रेक. मागून मोसंबीचा टेम्पो हॉर्न देऊन देऊन थकला. शेवटी शेजारी येऊन ड्रायव्हरनं विचारलं, "भाऊ, म्हैस आडवी आल्ती का?"

"चार्जिंग करून राह्यलो," हे म्हणाले.

"माझ्या पोटात ढवळून राह्यलं," सासूबाई म्हणाल्या. "ते पण भर बॅटरीत."

त्यात मायलेज वाढावं म्हणून एसी बंद, आणि हवा अडते म्हणून काचाही बंद. दोन्ही बाजूंना कपाशी छान फुटली होती, पण मला घामानं भिजलेल्या साडीखाली करकरणारं प्लास्टिकच तेवढं आठवतं.

राजूरला हार, नारळ, पेढे सगळं देवळासमोरच मिळतं, घरून काही नेऊ नका. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि विचारलं, "गाडी पेट्रोलची का बिजलीची?" हे म्हणाले, दोन्ही. "मंग नारळ दोन फोडा," गुरुजी म्हणाले. दर्शन निवांत झालं. बाहेर गरम भजी आणि चहा घेतला. भजी जरा तेलकट होती, पण तिघांनी दोन-दोन प्लेट संपवल्या.

मग मी चावीसाठी हात पुढं केला.

"ही साधी गाडी न्हाई," हे म्हणाले. "आधी मी बराबर समजून घेतो, मंग तुला शिकवतो."

मला राग आला. देवळाच्या दारात येऊ नये एवढा आला. प्लास्टिक काढू म्हटलं, तर "सहा महिने राहू दे, सीट नवी राहते." मी मागं जाऊन बसले आणि गाडीचं माहितीपुस्तक वाचायला काढलं. ते कोणी उघडलेलंच नव्हतं.

दहा-बारा किलोमीटर आलो असू. गाडी ढिली पडली आणि पडद्यावर बॅटरी तापल्याचा इशारा आला. ह्यांनी त्यातला 'बॅटरी' एवढाच शब्द वाचला, चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली आणि उतरले. "चार्जिंग संपली. दादा, तुमच्याकडं प्लग आहे का?"

टपरीवाला भला माणूस. "बोर्ड आहे की. पण गाडीला वायर खुपसायची कुठं?"

दोन महिने गावाला 'हिला प्लग लागत न्हाई' सांगणारा माणूस टपरीवाल्याला घेऊन गाडीभोवती भोक शोधत फिरला. शोरूमला फोन लावला, रविवार म्हणून कुणी उचलला नाही.

तोवर मला ते पान सापडलं. बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिला थंड ठेवणारा पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो, सीटच्या बाजूच्या जाळीतून. जाळी झाकू नका, असं ठळक लिहिलं होतं. मी वाकून बघितलं. जाळीवर प्लास्टिक होतं आणि त्यावर आमच्या दुकानाची चिकटपट्टी.

"प्लास्टिकचा आणि बॅटरीचा काय संबंध?" हे म्हणाले.

"देवानं बघितलं आता," सासूबाई मला म्हणाल्या. "फाड जल्दी."

मी टराटरा फाडलं. सावलीत गाडी लावून एसी चालू केला, दोन चहा झाले, अर्ध्या तासानं इशारा गेला. हे स्टिअरिंगच्या दाराकडं निघाले, तर सासूबाई आडव्या उभ्या होत्या. "तू मागं बस. ती घेईल गाडी." आणि त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मी पाय अलगद उचलत, गरजेपुरता ब्रेक लावत जालन्यात आले. येताना मायलेज जास्त दिसलं, तर हे म्हणाले, उतार होता. अकरा वर्षांत मला त्या रस्त्यावर असा उतार भेटलेला नाही.

घरी येऊन दोन आठवडे झाले. दर्शन मनात आहे, भजीही आहेत. पण जास्त राहिलं ते दारात गाडी लावतानाचं. समोरचे शांतीलालभाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही चालवत आणली?"

मी उत्तर द्यायच्या आत मागच्या सीटवरून हे बोलले, "त्यात काय भाऊ, सगळं गाडीच करते. इतकी सोपी, हिलापण जमली."

"हो ना भाऊजी," मी गाडी बंद करून चावी पर्समध्ये टाकली. "ह्यांनाही जमेल. रविवारी मला सुट्टी असते, तेव्हा शिकवीन थोडं थोडं."