क्लेमकाकांची सायकल

शर्टाच्या वरच्या खिशातून क्लेमकाका एक जुना ढब्बू पैसा काढायचे, मोडकी फ्रेम डाव्या हाताने उचलून अधांतरी धरायचे आणि म्हणायचे, "आधी ऐकू या." मग त्या पैशाने फ्रेमच्या एकेका नळीवर हलकेच टण् करायचे. त्या वेळी दुकानात कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. शेठ फोनवर असले तरी रिसीव्हरवर हात ठेवून गप्प बसायचे. चांगल्या नळीचा आवाज थोडा वेळ रेंगाळतो, तडा गेलेली नळी खरखरून लगेच गप्प होते. बायका माठ घेताना वाजवून बघतात, तसलाच प्रकार. मला मात्र सुरुवातीला हसू आवरायचं नाही, आणि ते लपवायला मी टाइपरायटरमध्ये उगाच कागद घालायचे.

परवा ठाण्याला भाच्याकडे गेले होते, तेव्हा हा टण् पुन्हा आठवला. भाच्याची सायकल कार्बनची. सीटखाली केसासारखी चीर गेली म्हणून त्याने कंपनीला फोटो पाठवले होते आणि तो उत्तराची वाट बघत बसला होता. न बघता, न ऐकता कुठल्या गावचा माणूस काय निकाल देणार, असं मी म्हणाले, तर तो म्हणाला, "आत्या, आता असंच असतं गं." असेल बाबा. आमच्या वेळी क्लेमकाका असायचे.

आमच्या वेळी म्हणजे ऐंशीच्या दशकात, कल्याणच्या बाजारात. सायकलींचं घाऊक दुकान होतं, ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंतचे छोटे दुकानदार आमच्याकडून माल न्यायचे. मी टायपिंगची परीक्षा देऊन डोंबिवलीहून तिथे नोकरीला लागले. कंपनी लोखंडी फ्रेमला गॅरंटी द्यायची. फ्रेमला तडा गेला की ती आमच्याकडे यायची, आणि दोष कंपनीचा की चालवणाऱ्याचा, हे काका ठरवायचे. त्यांनी सांगितलेलं मी टाइप करायचे आणि कंपनी त्यांच्या शब्दावर नवी फ्रेम पाठवायची, नाहीतर नाही पाठवायची. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सगळा बाजार त्यांना क्लेमकाका म्हणायचा, तेच राहू द्या.

उंच, खांद्यात थोडे वाकलेले, पांढरा बुशशर्ट आणि पँटच्या उजव्या पायाला चेनमध्ये अडकू नये म्हणून लावलेली क्लिप. ही क्लिप ते दिवसभर काढायचे नाहीत. राहायचे आंबिवलीला, आणि लोकलगाडी असतानाही रोज सायकलने नदीवरचा पूल ओलांडून कल्याणला यायचे. ती काळी सायकल त्यांच्या लग्नाच्याही आधीची होती. दुकानाच्या मागे भिंतीला लावून, फडक्याने पुसून मगच ते आत यायचे. तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. शेठनी एकदा कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणून मागितली, तर काकांनी स्वतःच्या पैशाने त्यांना रिक्षा करून दिली.

टण् करायची सवय फ्रेमपुरती राहिली नव्हती. चहाचा कप आला की आधी नखाने वाजवायचे, आणि बारीक चीर असली तर कप परत. माझ्या लग्नात आहेर म्हणून त्यांनी पितळेची कळशी दिली. भांड्यांच्या दुकानात ती निवडताना त्यांनी अख्खी रांग वाजवून काढली आणि दुकानदार शेवटी हात जोडून उभा राहिला, हे मला त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. कळशी अजून आहे, आणि सासूबाईंनी आणलेल्या कळशीपेक्षा चांगली वाजते. हे मी घरात कधी बोलले नाही.

गॅरंटी मागायला येणारा माणूस खरं बोलत नाही, हे तुम्हीही कधी ना कधी पाहिलं असेल. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची सायकल उभ्या उभ्याच मोडलेली असायची. एक दूधवाला शपथेवर सांगत होता की सायकलला त्याने कधी कॅन लावलाच नाही. काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मग दूध कुणी नेलं?" ठाण्याचा एक जण टेंभी नाक्याच्या दहीहंडीला सायकल लावून थर बघत उभा होता. वरच्या थरातला एक गोविंदा थेट सायकलवर आला. गोविंदाला खरचटलंसुद्धा नाही, फ्रेम मात्र वाकली. काका म्हणाले, "कंपनीने ही बसायला केलीय, वरून पडायला नाही." पण क्लेम नाकारून ते थांबले नाहीत. ओळखीच्या कारागिराकडे त्याच्याबरोबर स्वतः गेले आणि फ्रेम सरळ करून आणली.

शेठच्या साडूची फ्रेम त्यांनी नाकारली, तेव्हा दुकानात दोन दिवस अबोला होता. शेठ म्हणत होते, एक फ्रेम गेली तर कंपनी काय बुडते का, आणि इतक्या लांबून बघायला येतंय कोण. "मी बघितलं ना," काका म्हणाले. त्यापुढे त्यांच्याशी वाद घालता यायचा नाही. उलट, एका शाळामास्तरांचा खरा क्लेम कंपनीने फेटाळला, तेव्हा काकांनी मला इतक्या वेळा पत्र टाइप करायला लावलं की माझा मजकूर पाठ झाला. शेवटी फ्रेम आली. पत्राचा शेवट दर वेळी तोच असायचा, 'मी स्वतः पाहिले आहे.'

असा माणूस चुकला कसा, ते आता सांगते.

श्रावणात नारळीपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. एक नवरा-बायको दुकानात आले. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला बाळाराम आणि त्याची बायको सुमन. बाळाराम पहाटे खाडीवर मासळी घ्यायचा आणि सायकलला टोपली बांधून कल्याणच्या बाजारात पोचवायचा. उन्हं चढायच्या आत पोचला तर धंदा, नाहीतर मासळीला कोण हात लावतो. त्याची सायकल बघून दुकानातली माणसं हसायला लागली. निळीशार, मधे पिवळा पट्टा, हँडलला सुकलेला हार. होड्या रंगवताना उरलेल्या रंगात त्याने सायकलही रंगवून काढली होती.

सीटखाली नळीला तडा गेला होता. पण आता तो कुठे दिसत होता? बाळारामने आधी गावात वेल्डिंग मारून घेतलं होतं, घासून गुळगुळीत केलं होतं आणि वरून रंग दिला होता. गॅरंटीच्या कार्डावर पहिलीच ओळ होती की फ्रेमला वेल्डिंग केलं की गॅरंटी संपली. काकांनी विचारलं, आधी आमच्याकडे का नाही आणलीत? बाळाराम ओशाळून म्हणाला, "मोरकी वस्तू घेऊन कुनाचे दारान कशी जावाची, साहेब?"

त्याला वाईट दिसू नये म्हणून सुमन मधे पडली. सायकलची किती निगा राखतो ते सांगायला लागली. घरी आली की होडीसारखी धुतो, मासळीचा वास राहू नये म्हणून सीट काढून नळीत आतूनसुद्धा पाणी सोडतो. खाडी दारातच आहे, पाण्याला काय कमी. ती सांगत होती आणि काका मात्र फ्रेम अधांतरी धरून टण् टण् करण्यात गुंतले होते. नेहमीप्रमाणे त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "आधी ऐकू या."

फ्रेम बोलेना. वेल्डिंगच्या गोळ्याने ती मुकी झाली होती.

नियमाने तिथेच नाही म्हणता आलं असतं. पण त्या वर्षी याच जागी तडा गेलेल्या फ्रेमी आमच्याकडे बऱ्याच आल्या होत्या. सीटखालच्या जोडात पितळ वितळवून भरतात, ते नीट भरलं जात नाही, असा काकांचा संशय होता आणि त्यांनी तो कंपनीला कळवलाही होता. जोड कापून आत पितळ अर्धवट दिसलं असतं, तर वेल्डिंग असो वा नसो, दोष कंपनीचा ठरला असता. पण कापल्यावर ही सायकलही गेली. सध्या ती कशीबशी चालत तरी होती.

काकांनी हे सगळं दोघांना बसवून, चहा देऊन समजावून सांगितलं. बाळाराम बायकोकडे बघायला लागला. सायकल गेली तर सुमनला डोक्यावर टोपली घेऊन जवळपासच्या वाड्यांतून फिरावं लागलं असतं, आणि बाळारामला घरी बसावं लागलं असतं. तिने काकांना सरळ विचारलं, "तुमाला काय वाटतं?"

काकांच्या तोंडून 'वाटतं' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "मला वाटतं, दोष निघेल," ते म्हणाले.

"मंग कापा," सुमन म्हणाली.

दुकानाच्या मागे करवतीने जोड कापला. आम्ही सगळे भोवती उभे होतो. काकांनी तुकडा पुसला, चष्मा कपाळावर चढवला आणि उजेडात धरला. जोडात पितळ सगळीकडे पुरेपूर भरलेलं होतं. सोन्याच्या वळ्यासारखं गोल, कुठे खंड नाही. नळी मात्र आतून गंजून कागदाएवढी पातळ उरली होती. काकांनी आतून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

काकांनी तुकडा खाली ठेवला. मग सुमनकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही मघाशी सांगत होतात. रोज खाडीच्या पाण्याने धुतो, आतूनसुद्धा. मी नळी ऐकत बसलो, तुमचं ऐकलं नाही."

बाळारामला अजून कळलं नव्हतं. खारं पाणी होडीच्या लाकडाला चालतं, लोखंडाला खातं, हे त्याला समजावल्यावर तो खाली बसला. ज्या हाताने मायेने धुतली त्याच हाताने सायकल मारली, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं आणि मला ते बघवेना. शेठ तसे मनाचे वाईट नव्हते. ते हळूच काकांना म्हणाले, "काका, लिहून टाका ना जोड खराब म्हणून. इतक्या फ्रेमी खराब आल्यात, त्यात ही एक. कोण बघायला येतंय?"

मी कागद चढवून तयार होते. खरं सांगते, काकांनी तसं लिहावं असं मला मनापासून वाटत होतं.

"मी बघितलं ना," काका म्हणाले, पण नेहमीसारखं ठणकावून नाही. मला त्यांनी क्लेम नामंजूरचा मजकूर सांगितला आणि सही केली. मग ते भिंतीकडे गेले, आपली काळी सायकल फडक्याने पुसली आणि बाळारामसमोर आणून उभी केली.

सुमन ताडकन म्हणाली, "आमी भीक नाय घेत, साहेब."

"भीक नाही," काका म्हणाले. "कंपनीची गॅरंटी संपली. पण तुम्ही कापायला दिलीत ती माझ्या शब्दावर. त्या शब्दाची गॅरंटी माझ्याकडे आहे, तिचा हा क्लेम." बाळारामच्या हातात हँडल देऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "हिला गोड्या पाण्याने धुवा."

त्या संध्याकाळी काका स्टेशनकडे चालत गेले. दुसऱ्या दिवशी चालत आले, तेव्हाही पायाला क्लिप होतीच. मी टाइपरायटरमध्ये उगाच कागद घातला. बोलले असते तर मला रडू आलं असतं, आणि दुकानात मी कडक म्हणून प्रसिद्ध होते.

त्यांनी पुन्हा सायकल घेतली नाही. शेठ दिवाळीला नवी द्यायला निघाले, तर म्हणाले की आता गुडघे ऐकत नाहीत. गुडघे चांगले होते, मला माहीत आहे. फरक एकच झाला. तेव्हापासून कुणी फ्रेम घेऊन आलं की खिशातला पैसा काढायच्या आधी ते स्टूल पुढे करायचे आणि माणसाला बोलू द्यायचे. दूधवालेसुद्धा मनसोक्त खोटं बोलून घ्यायचे. 'आधी ऐकू या' तेच राहिलं, ऐकायचा क्रम बदलला. सुमन सणासुदीला मासळी घेऊन दुकानात यायची. काका शाकाहारी. ते हात जोडून ती स्वीकारायचे आणि मी डब्यात घालून डोंबिवलीला न्यायचे. त्यांच्या पुण्याईवर आमच्या घराने सुरेख कोलंबी खाल्ली.

पुढे नव्वदच्या दशकात बाजारात स्कूटरी आल्या, दुकान निम्म्यावर आलं आणि काका घरी बसले. ते गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी आंबिवलीला गेले. चाळीसमोर चपलांचा ढीग होता आणि माणसं हलक्या आवाजात बोलत होती. कुंपणाला एक काळी सायकल लावलेली होती. तिच्या सीटखाली, बरोबर त्या जोडावर, होडीच्या निळ्या रंगाचं बोटभर रुंद वळं काढलेलं होतं.

शेजारी बाळाराम उभा होता. केस पिकले होते. इतक्या लांब खाडीवरून तो सायकल चालवत आला होता. मी सायकलकडे बघून विचारलं, अजून चालते का?

"चालते ना," तो म्हणाला. "आमचे वाड्यान नळाला पानी एक दिवस सोडून येतं, बाई. प्यायला पुरत नाय. पन सुमन आधी हिचा तांब्या बाजूला काढते."

आतून काकांच्या बायकोने हाक मारली म्हणून तो चपला काढून आत गेला. मी इकडेतिकडे बघितलं. पर्समधलं नाणं काढलं आणि सीटखालच्या नळीवर हलकेच वाजवलं. आवाज स्वच्छ आला आणि कितीतरी वेळ रेंगाळत राहिला.