आठवड्याचा शब्द: नेसंट

शिकवणाऱ्याकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. एक सांगायला घेतला की मागचे चार आपणहून येऊन बसतात.

सुरतेच्या गोडादऱ्यात विहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी आमचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरतो. आमच्या यांनी सुरू केलेला. हे गेल्यावर माझ्याकडे आला. नियम त्यांचाच: आठवड्याला एक शब्द, तो बाहेर खऱ्या माणसासमोर वापरायचा आणि रविवारी येऊन काय झालं ते सांगायचं.

त्या आठवड्याचा शब्द होता 'नेसंट'. नुकतंच आकार घेऊ लागलेलं, अजून पुरतं न झालेलं. उद्योग, चळवळ, आशा यांच्याबद्दल वापरतात, असं मी सांगितलं. महिनाअखेर वर्ग बंद करावा, असं मनात होतं. ते सांगितलं नाही.

*

रमेशभाऊ लूमवर काम करतात. शेठने विचारलं, कापडाचा ताका कुठवर आला? भाऊ म्हणाले, "नेसंट है, शेठ."

शेठ मान वर न करता म्हणाला, "तो शाम तक बड़ा कर दे."

*

शारदाताईंनी शब्द स्वयंपाकघरात नेला. सासूबाई ताटावर बसल्या होत्या आणि कुकरला शिटी नव्हती. डाळ नेसंट आहे, असं ताईंनी सांगितलं. डाळीला हा शब्द शोभत नाही, हे मी नंतर समजावलं. पण सासूबाईंनी आधीच निकाल दिला होता.

"ते ऱ्हाऊ दे. जेवाले काय शे?"

*

भूषण मुलगी बघायला कामरेजला गेला. भरतकामाच्या एका मशीनवर त्याने नवा धंदा मांडलाय. मुलीच्या वडिलांनी धंद्याबद्दल विचारलं, तर याने ऐटीत सांगितलं, "बिझनेस नेसंट आहे."

वडील भारावले. मुलगी सुरतेतच वाढलेली. पोह्यांची बशी पुढे करत हळूच म्हणाली, "एटले हजी चाल्यो नथी ने?" म्हणजे, अजून चाललेला नाही ना?

साखरपुडा ठरला. शब्द बरोबर वापरल्याचे मार्क मी तिलाच दिले.

*

सगळे हसत होते, तेव्हाच मी सांगून टाकलं. यांच्यासारखं मला जमत नाही, पुढच्या महिन्यापासून वर्ग बंद करते.

शारदाताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मॅडम, निर्णय पक्का आहे का नेसंट?"



तेवढ्यात रमेशभाऊ उठले, फळा पुसला आणि खडू माझ्या हातात दिला.

"पुढचा शब्द सांगा, मॅडम."